शंभर एमबीपीएस म्हणजे नेमके किती?

गेल्या वर्षी पावसाळ्यात अमरावती जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयातून आम्हाला बोलावणे आले. संगणक-कक्षात जुनी तीसेक यंत्रे, सर्वांवर लिनक्स. भिंतीवर एक छापील कागद: 'इंटरनेट वेग १०० एमबीपीएस', म्हणजे सेकंदाला दहा कोटी बिट. तक्रार अशी की लिनक्सवर इंटरनेट हळू चालते. शिक्षक-कक्षात विंडोजचे एक यंत्र आहे, त्यावर मात्र तीच जोडणी पळते. तेव्हा लिनक्स काढून टाकावे आणि नव्या परवान्यांसाठी पैसे मागावेत, असा ठराव व्यवस्थापनापुढे जायचा होता. त्याआधी कोणीतरी जाणकाराने एकदा बघून घ्यावे, म्हणून आम्ही. आमचा विषय खरे तर पदार्थविज्ञान. पण मोजमाप हाच आमचा पोटापाण्याचा धंदा, आणि प्रयोगशाळेतली युनिक्स जातीची यंत्रे वीसेक वर्षे आम्हीच सांभाळत आलो आहोत.

पहिल्या तासात आम्ही चूकच केली. युनिक्स आणि तिच्या भाऊबंद प्रणालींत 'पिंग' नावाची एक लहानशी आज्ञा असते. ती दुसऱ्या यंत्राकडे एक छोटे पॅकेट पाठवते आणि उत्तर परत यायला किती वेळ लागला ते सांगते. पाणबुडीचा सोनार ध्वनी सोडून प्रतिध्वनीची वाट पाहतो, तसेच हे. नावही तिथूनच आले. अमेरिकी सैन्यदलाच्या एका प्रयोगशाळेत माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ती लिहिली. आम्ही पिंग केले, उत्तर चटकन आले. मग वेग मोजणारे एक नेहमीचे संकेतस्थळ उघडले. त्याने ९४ एमबीपीएस दाखवले. (शंभरच्या तारेवर चौऱ्याण्णव म्हणजे पैकीच्या पैकी गुण. उरलेले सहा प्रत्येक पॅकेटवरच्या पत्त्या-शिक्क्यांत आणि दोन पॅकेटांमधल्या सक्तीच्या अंतरात जातात.) आम्ही निकाल देऊन टाकला: जोडणी ठीक, लिनक्सही ठीक, तक्रार मनाची.

संगणकाच्या शिक्षिका यावर काही बोलल्या नाहीत. त्यांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या सर्व्हरवरून ७०० मेगाबाइटची एक फाइल उतरवायला लावली आणि म्हणाल्या, "सर, आता बघा." एका पडद्यावर आमचे ९४ झळकत होते आणि शेजारच्या पडद्यावर ती फाइल अडीच-पावणेतीन एमबीपीएसने रांगत होती. या गतीने पस्तीस-चाळीस मिनिटे लागणार होती. शिक्षक-कक्षातल्या यंत्रावर तीच फाइल भराभर उतरली.

दोन्ही आकडे खरे होते. या लेखात आम्हाला टीका करायची आहे ती वेगाचे असे आकडे ज्या रीतीने मोजले जातात, भिंतीवर लावले जातात आणि पुरावा म्हणून फडकवले जातात त्या रीतीवर. पहिल्या तासातले आमचे वागणेही त्यात धरावे.

बंडी, पावती आणि रस्ता

इंटरनेटवर फाइल एकसंध जात नाही. तिची साधारण दीड-दीड हजार बाइटची पॅकेटे होतात. ती सगळी क्रमाने आणि न हरवता पोचवण्याची जबाबदारी टीसीपी नावाच्या नियमावलीकडे असते, आणि ती नियमावली प्रत्येक यंत्राच्या कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये बसलेली असते. तिचा एक मुख्य नियम साधा आहे: पाठवणाऱ्याने ठरावीक माल रस्त्यावर सोडायचा आणि पोच आल्याशिवाय त्याहून जास्त सोडायचा नाही.

समजा, कापसाच्या हंगामात दर्यापूरचा एक व्यापारी अकोल्याच्या जिनात कापूस पाठवतो आहे. बंडी जाऊन तिची पावती परत यायला दोन दिवस लागतात. पावती न आलेल्या बंड्या एका वेळी दहाच असाव्यात, असा त्याचा जिनाच्या मालकाशी करार आहे. मग दिवसाला सरासरी किती बंड्या जिनात पोचतील? पाच. रस्ता चौपदरी करा, तरी पाच. दिवसाला हजार बंड्या जाऊ शकतील असा रस्ता बांधा, तरी पाचच. आणि हाच व्यापारी जिनाच्या शेजारच्या गल्लीत राहत असेल, पावती तासाभरात हातात पडत असेल, तर तोच करार पाळून तो तासाला दहा बंड्या ओतेल. हे गणित सातवीच्या मुलांना फळ्यावर करायला द्यावे. रस्त्याची रुंदी आणि फेरीचा वेळ या दोन निराळ्या राशी आहेत हे त्यांना आमच्यापेक्षा लवकर कळते.

टीसीपीच्या १९८१ च्या मसुद्यात या कराराचा आकडा लिहायला सोळा बिटांची जागा ठेवली होती. सोळा बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ६५,५३५. तेव्हा पोच न आलेला माल जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट. या मर्यादेला 'विंडो' म्हणतात. त्या काळी ती प्रचंडच वाटत असणार. मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेतून १९८९ मध्ये अर्नेटची अमेरिकेशी जोडणी झाली, तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट होता. फेरीला अर्धा सेकंद धरला तर तो सगळा रस्ता भरून टाकायला ६०० बाइट पुरत! आज तीच फेरी सुमारे ०.२ सेकंदाची धरा आणि रस्ता १०० एमबीपीएसचा. तो भरायला दहा कोटी गुणिले ०.२, म्हणजे दोन कोटी बिट, म्हणजेच पंचवीस लाख बाइट सतत वाटेवर असायला हवेत. करार मात्र ६५,५३५ चाच असेल तर वेग किती? ६५,५३५ ला आठने गुणा आणि ०.२ ने भागा. उत्तर येते सव्वीस लाख बिट, म्हणजे २.६ एमबीपीएस. शिक्षिकेने दाखवलेला आकडा असा वहीच्या मागच्या पानावर निघतो.

मग आमचे ९४ कुठून आले? वेग मोजणारी संकेतस्थळे आपणहून सर्वांत जवळचा सर्व्हर निवडतात आणि एकाच वेळी अनेक जोडण्या उघडतात. जवळच्या सर्व्हरची फेरी एक शतांश सेकंदाची असेल तर त्याच तोकड्या विंडोत एका जोडणीला ५२ एमबीपीएस मिळतात. अशा दोन जोडण्यांतच शंभराचा रस्ता भरून जातो. शेजारच्या गल्लीतल्या व्यापाऱ्याची मोजणी करून दर्यापूरकराला प्रमाणपत्र द्यावे, तसा हा प्रकार.

रेल्वेने प्रवास करणाऱ्या अमरावतीकराला हे वेगळे सांगायला नको. मुंबई-हावडा मुख्य मार्ग अकोल्यातून जातो, पण अमरावती शहरातून जात नाही; तो जातो बडनेऱ्यावरून, आणि शहर तिथून शाखामार्गावर. मुंबई-अमरावती प्रवासाचा वेळ म्हणून बडनेऱ्यापर्यंतचाच वेळ कोणी सांगितला तर आपण लगेच विचारतो, "आणि पुढे?" इंटरनेटचा वेग सांगणाऱ्याला हा प्रश्न आपण विचारत नाही.

खुंट्या पिळण्याचा नाद

टीसीपीच्या विंडोची अडचण १९९२ मध्येच सुटली होती. व्हॅन जेकबसन, बॉब ब्रेडन आणि डेव्हिड बोरमन यांनी सुचवलेल्या सुधारणेनुसार दोन्ही यंत्रे बोलणे सुरू करतानाच एक गुणक ठरवून घेतात. मग सोळा बिटांतला आकडा त्या गुणकाने वाढवून वाचायचा. आजची प्रत्येक रुळलेली कार्यप्रणाली हे आपोआप करते. लिनक्स तर त्यापुढे जाऊन, जोडणी जशी चालेल तशी विंडो आपणच वाढवत नेते. मग या तीस यंत्रांना काय झाले होते?

लिनक्सच्या कर्नेलला तंबोऱ्यासारख्या खुंट्या आहेत, फक्त चार नव्हेत, शेकडो. 'सिसकंट्रोल' नावाच्या आज्ञेने त्या पिळता येतात आणि एका फाइलीत लिहून ठेवल्या की यंत्र सुरू होताना आपोआप तशा बसतात. या यंत्रांवर त्या फाइलीत तीसेक ओळी होत्या. 'लिनक्सचा वेग दुप्पट करा' अशा थाटाची एक यादी कोणीतरी काही वर्षांपूर्वी जशीच्या तशी उतरवून घेतली होती आणि सर्व यंत्रांवर चढवली होती. तीस ओळींतली एक ओळ त्या गुणकाची सोयच बंद करत होती. ती पुसली, यंत्र पुन्हा सुरू केले, आणि अमेरिकेतली ती फाइल शिक्षक-कक्षातल्यासारखीच उतरू लागली. यंत्राचा किंवा लिनक्सचा दोष नव्हता. जोडणी देणाऱ्याचाही नव्हता, आणि आम्ही मनातल्या मनात त्याच्यावर दोनदा आरोप ठेवून झाला होता.

त्या ओळीलाही एके काळी कारण होते. जुने काही राउटर आणि फायरवॉल हा गुणक नीट हाताळत नसत, आणि मग एखादे संकेतस्थळ उघडतच नसे. तेव्हा कोणीतरी अडल्या वेळी ती सोय बंद केली असणार. रोग गेला, औषध चालू राहिले.

याहून घातक ओळ आम्ही दुसरीकडे पाहिली आहे. बंद झालेल्या जोडण्यांची जागा झटपट मोकळी करणारी एक खुंटी लिनक्समध्ये होती. सर्व्हर चपळ होतो म्हणून जुन्या याद्यांत ती हटकून असे. ती चालायची पॅकेटवरच्या वेळेच्या नोंदीवर. एकाच पत्त्यावरून आधीच्यापेक्षा जुन्या वेळेचे पॅकेट आले की सर्व्हर ते शिळे समजून मुकाट्याने टाकून देई. आता शाळेचा विचार करा. तीस यंत्रे, पण बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता एकच, आणि प्रत्येक यंत्राची ती वेळ निराळी. परिणाम असा की एका रांगेतल्या मुलांना पान उघडते, शेजारच्यांना उघडत नाही, आणि पाच मिनिटांनी उलटे होते. बिघाड दूरच्या सर्व्हरवर, बोलणी ऐकायची शाळेने! २०१७ मध्ये कर्नेलच्या ४.१२ या आवृत्तीतून ही खुंटीच काढून टाकली गेली, हे बरे झाले.

तिसरा आवडता उपाय म्हणजे 'बफर वाढवा'. बफर म्हणजे पॅकेटे थांबण्याची जागा. जागा मोठी, म्हणजे माल कमी सांडणार, म्हणजे वेग वाढणार, असा त्यामागचा भाबडा हिशेब. वऱ्हाडातल्या ज्या वाचकांनी एकाधिकार खरेदीचे दिवस पाहिले असतील त्यांना या हिशेबातली फट लगेच दिसेल. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि हंगामात खरेदी केंद्रांबाहेर बंड्यांच्या रांगा लागू लागल्या. ग्रेडरने प्रत ठरवायची, मग काटा, मग पावती. समजा, एखाद्या केंद्राचा काटा दिवसाला शंभर बंड्या मोजतो आणि आवारात तीनशे उभ्या आहेत. मागून येणाऱ्याला तीन दिवस बैलांना वैरण घालत बसावे लागणार. आता आवार वाढवून सहाशे बंड्यांची सोय केली, तर काट्याचा वेग तसूभरही वाढत नाही; वाट पाहणे तेवढे सहा दिवसांवर जाते. संध्याकाळी केंद्राचा अहवाल मात्र दोन्ही वेळा तोच: आज शंभर बंड्यांची खरेदी झाली. थांबणाऱ्याचे दुःख त्या आकड्यात कुठेच उमटत नाही.

राउटरमध्ये हेच घडते. बाहेर पाठवण्याची क्षमता २ एमबीपीएस आणि बफर दहा लाख बाइटचा असेल, तर भरलेला बफर रिकामा व्हायला चार सेकंद लागतात. कार्यालयातून कोणी फोटोंचा गठ्ठा चढवायला लावला की वर्गातल्या प्रत्येकाच्या प्रत्येक पॅकेटला ही चार सेकंदांची रांग. वेग मोजला तर तो पूर्ण भरतो, आणि तरीही साधे पान उघडत नाही. जिम गेटिस यांना २०१० मध्ये आपल्या घरच्या जोडणीवर हाच अनुभव आला आणि त्यांनी त्याला 'बफरब्लोट' असे नाव दिले, बफरची सूज. २०१२ मध्ये कॅथलीन निकल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर 'कोडेल' ही पद्धत मांडली. रांगेची लांबी मोजत बसण्याऐवजी, प्रत्येक पॅकेट रांगेत किती वेळ थांबले ते ती पाहते आणि ताटकळणे वाढले की थोडी पॅकेटे टाकून देऊन पाठवणाऱ्याला सावध करते. त्याच वर्षी तिची एक सुधारित आवृत्ती लिनक्समध्ये आली.

हे जेकबसन तेच, १९९२ च्या सुधारणेतले. त्यांचे सर्वांत गाजलेले काम त्याआधीचे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. दोन्ही ठिकाणांत अंतर जेमतेम ४०० यार्ड! आठशे पटींची ही घसरण पाहून जेकबसन यांनी आधी प्रत्येक पॅकेट केव्हा निघाले आणि केव्हा पोचले याचे आलेख काढले. त्यांतून दिसले की गर्दी होताच प्रत्येक यंत्र हरवलेली समजून तीच पॅकेटे पुन्हा पाठवत होते आणि गर्दी आणखी वाढवत होते. मग त्यांनी बर्कली युनिक्सच्या टीसीपीत बदल केले, आणि १९८८ मध्ये निबंध लिहिला. आधी आलेख, मग खुंटी. यादी उतरवून घेणाऱ्यांनी हा क्रम नेमका उलटा केला आहे.

एका चाचणीची गोष्ट

टीका म्हटली की दुसरी बाजूही तपासली पाहिजे. त्यासाठी १९९९ मधले एक प्रकरण पाहण्यासारखे आहे. एप्रिल महिन्यात माइंडक्राफ्ट नावाच्या कंपनीने जाहीर केले की फाइली पुरवण्यात विंडोज एनटी ४.० हे लिनक्सच्या २.५ पट आणि वेबपाने पुरवण्यात ३.७ पट वेगवान आहे. चाचणीचा खर्च मायक्रोसॉफ्टने केला होता. यंत्र होते डेलचे, चार पेंटियम टू झिऑन प्रोसेसरांचे, आणि त्याला शंभर-शंभर एमबीपीएसची चार नेटवर्क-कार्डे.

गदारोळ झाला. खर्च कोणाचा हा आक्षेप होताच. लिनक्सच्या बाजूच्या खुंट्या नीट लावल्या नव्हत्या आणि एनटीच्या मात्र काळजीने लावल्या होत्या, हा दुसरा. आमच्या मते सर्वांत वजनदार आक्षेप तिसरा आहे: प्रश्न निवडतानाच उत्तर निवडले गेले होते. न बदलणारी, स्मृतीत आधीच असलेली पाने चार कार्डांवरून ४०० एमबीपीएसने ओतणे, हे काम तेव्हा किती जणांना करायचे होते? त्या काळातला घरगुती मोडेम फार तर सेकंदाला ५६ हजार बिट घेई. अशा सात हजारांहून जास्त ग्राहकांनी एकदम तोंड लावले तर ही चार कार्डे भरणार. जर्मनीतल्या 'सीटी' या संगणक-नियतकालिकाने त्याच वर्षी निराळा प्रश्न विचारला. एकच कार्ड ठेवले, मागणीनुसार बनणारी पाने घेतली, आणि लिनक्स पुढे निघाले.

इथवर आम्ही लिनक्सवाल्यांच्या बाजूने. पण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी तो अहवाल 'विकत घेतलेला' म्हणून केराच्या टोपलीत टाकला, ते चूक होते. जून १९९९ मध्ये 'पीसी वीक'च्या प्रयोगशाळेत, दोन्ही बाजूंच्या जाणकारांना समोर बसवून, चाचणी पुन्हा झाली. खुंट्या नीट लावल्यावर अंतर कमी झाले, तरी एनटीच पुढे राहिले. म्हणजे पक्षपाती चाचणीने एक खरा दोष पकडला होता. लिनक्सच्या २.२ कर्नेलमध्ये नेटवर्कचे बरेचसे काम एका वेळी एकच प्रोसेसर करू शके. बाकीचे तीन कुलूप उघडण्याची वाट पाहत. शिवाय एक नवी विनंती आली की झोपलेल्या सगळ्याच सेवक-प्रक्रिया खडबडून उठत, काम एकीला मिळे, उरलेल्या पुन्हा झोपत. कर्नेल लिहिणाऱ्यांनी हे मुकाट्याने मान्य केले आणि जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ मध्ये हे भाग नव्याने बांधलेले होते.

वर्गात हे प्रकरण चर्चेला घ्यावे. पैसे कोणी दिले हे विचारावेच, पण तेवढ्यावर मोजणी खोटी ठरत नाही. ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे पाहावे लागते. तो प्रश्न आपला नसेल तर आकडा खरा असूनही आपल्या उपयोगाचा नाही, एवढेच.

हरिसाल

हा प्रश्न आपल्याकडे न विचारल्यामुळे काय होते, याचे उदाहरण मेळघाटात आहे. धारणी तालुक्यातले हरिसाल हे गाव २०१६ मध्ये राज्य शासन आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या उपक्रमातून 'डिजिटल गाव' म्हणून देशभर गाजले. दूरस्थ वैद्यकीय सल्ला, डिजिटल वर्ग, वायरलेस इंटरनेट असे त्याचे वर्णन होते. २०१९ च्या लोकसभा प्रचारात त्यावरून जाहीर वाद झाला. सभांत चित्रफिती दाखवल्या गेल्या, प्रत्युत्तरे दिली गेली. एक बाजू म्हणे गाव डिजिटल आहे, दुसरी म्हणे नाही. विज्ञानाच्या शिक्षकाला हा वाद ऐकून अस्वस्थ वाटायला हवे, कारण त्यात दोन्हींकडून 'आहे' आणि 'नाही' एवढेच होते. डॉक्टरांशी बोलताना आवाज पोचायला किती वेळ लागतो? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर संभाषण सहज चालते. रुग्णाचे चित्र बाहेर पाठवायचे असते, तेव्हा वर चढवण्याचा वेग किती? पावसात किती? शाळा सुटल्यावर किती? असे चार आकडे दोन्ही बाजूंनी मांडले असते तर भांडण निदान मुद्द्यावर आले असते.

आणि याचे खापर केवळ राजकारण्यांवर फोडून चालणार नाही. आपल्या देशाची ब्रॉडबँडची व्याख्या २००४ मध्ये २५६ केबीपीएसवर होती, २०१३ मध्ये ५१२ झाली, २०२३ मध्ये २ एमबीपीएस. आकडा वाढत गेला, पण व्याख्येचा गाभा उतरवण्याच्या वेगाचा एक किमान आकडा हाच राहिला. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेणाऱ्या भारतनेट योजनेचे उद्दिष्टही असेच '१०० एमबीपीएस' म्हणून सांगितले गेले. तिच्यात वापरलेल्या जीपॉन तंत्रात एका तंतूवर खाली येणारा वेग सुमारे २.५ जीबीपीएस आणि वर जाणारा त्याच्या निम्मा, आणि दोन्ही अनेक पंचायतींत वाटून. तंत्र उत्तम आहे. पण गावातल्या शिक्षकाला आपल्या वाट्याला दुपारी बारा वाजता काय येते ते योजनेच्या आकड्यावरून कळणार नाही. ते त्यालाच मोजावे लागेल.

करून पाहण्यासारखे

त्यासाठी लागते फार थोडे. दोन लिनक्स यंत्रे, एक स्विच आणि 'आयपर्फ' नावाचा मोफत प्रोग्राम. एका यंत्रावर तो ऐकणारा म्हणून सुरू करायचा, दुसऱ्यावरून दहा सेकंद पॅकेटांचा मारा करायचा, की आकडा मिळतो. आधी कक्षातल्या कक्षात मोजावे. तिथेच तीस-चाळीस निघाले तर दोष तारेत, स्विचात किंवा कार्डात आहे, बाहेरच्या जोडणीशी त्याचा संबंध नाही. आमच्या अनुभवात उंदराने कुरतडलेली तार हे कर्नेलच्या कोणत्याही खुंटीपेक्षा जास्त वेळा सापडणारे कारण आहे. मग तोच प्रयोग एका जोडणीने आणि नंतर आठ जोडण्यांनी करावा. दोहोंत मोठा फरक पडला तर विंडोचा संशय घ्यावा.

सर्वांत बोलका प्रयोग पिंगचा. जोडणी निवांत असताना बाहेरच्या एखाद्या पत्त्याला पिंग करत राहावे, फेरीचे वेळ मुलांनी वहीत मांडावे. पिंग चालू असतानाच दुसऱ्या यंत्रावरून मोठी फाइल बाहेर चढवायला लावावी. वेळ वीस मिलिसेकंदांवरून पंचवीस झाला तर राउटर शहाणा आहे. तो हजार-दोन हजारांवर गेला तर बंड्यांची रांग मुलांना डोळ्यांनी दिसते. आम्ही पहिल्या तासात पिंग केले होते ते निवांत जोडणीवर, एकदाच. ते केंद्र बंद असताना रांग मोजण्यासारखे होते.

नोंद करताना आकड्याशेजारी वेळ, दोन्ही टोके, तार की वायरलेस, दिशा आणि जोडण्यांची संख्या लिहावी. यांपैकी एक जरी सुटले तरी तो आकडा पुढच्या आठवड्यात कामाचा राहत नाही. दहा वेळा मोजावे आणि सरासरीऐवजी मधला आकडा घ्यावा, कारण एखादी भरकटलेली मोजणी सरासरी बिघडवते. शिवाय सर्वांत वाईट आकडाही लिहावा. मुले वैतागतात ती त्याच वेळी. खुंटी पिळायची झालीच तर एका वेळी एक, आधीची किंमत वहीत लिहून. सुधारणा झाली नाही तर ती परत होती तशी करावी. हा शेवटचा भाग लोक विसरतात, आणि तीस ओळींच्या फाइली तयार होतात.

एक सूचना. आयपर्फ रस्ता पूर्ण भरून टाकतो. शाळेच्या कार्यालयात ऑनलाइन माहिती भरण्याचे काम चालू असेल तेव्हा बाहेरच्या जोडणीवर तो चालवू नये; आम्ही एकदा चालवला आणि मुख्य लिपिकांनी अर्धा भरलेला अर्ज गमावला. साडेपाचनंतर, विचारून करावा.